वॉर्ड नऊमधल्या दोन गोकुळा

गुलाबभाऊ कुनघाडकरांशी भांडता येत नसे, हेच गोकुळाचं खरं दुखणं होतं.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मोहतळ्याच्या नगरपंचायतीत वॉर्ड नऊमधून ते सलग दोनदा निवडून आले होते. मयत कुणाचीही असो, तिरडीला पहिला खांदा त्यांचा. साक्षगंध कुणाचंही असो, कंबरेला दुपट्टा बांधून पंगतीत वरण वाढायला तेच. आणि कुणी तक्रार घेऊन गेलं की डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे तर व्हायलेच पाह्यजे. होऊन जाईल." ऐकणाऱ्याला वाटायचं, झालंच. घरी पोचेपर्यंत लक्षात यायचं की काहीच झालेलं नाही.

गोकुळाचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून, ढिवर मोहल्ल्यात. नवरा केवळराम जाळं टाकायचा, ती गुजरीत बसून मासळी विकायची. चार वर्षांपूर्वी बसस्टँडमागे नवी दुकानं झाली आणि त्यांच्या सांडपाण्याची नाली नगरपंचायतीनं सरळ तलावात सोडून दिली. तेव्हापासून गोकुळा अर्ज देत होती. एकूण अकरा दिले. प्रत्येक अर्ज तिनं आधी गुलाबभाऊंना वाचून दाखवला आणि प्रत्येक अर्ज गुलाबभाऊंना मनापासून आवडला. एकदा तर त्यांनी तिची एक वेलांटीही दुरुस्त करून दिली.

गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि एका सकाळी अर्ध्या तलावावर रोहू पोट वर करून तरंगताना दिसले. गुलाबभाऊ धावत आले. नाकाला रुमाल लावून पाळीवर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं; ते दुःखानं की वासानं, हे कळायला मार्ग नव्हता. मग एक मेलेला रोहू हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला, मोहल्ल्यातले दहा जण सोबत घेतले आणि नगरपंचायतीवर जाऊन निवेदन दिलं. केवळरामही त्या दहांत होता.

"निवेदन कोनाले देल्लं?" तो परत आल्यावर गोकुळानं विचारलं.

"नगरपंचायतले."

"अन् गुलाबभाऊ कोन आहेत?"

केवळरामनं थोडा विचार केला. "नगरपंचायतचे मेंबर."

"म्हंजे यायनं यायलेच निवेदन देल्लं."

"फोटो मात्र चांगला आला," केवळराम म्हणाला.

त्या दिवशी गोकुळानं उभं राहायचं ठरवलं. पक्ष नाही, पाठबळ नाही, अपक्ष. तिला साथ होती ती सुरय्याची. गुजरीच्या तोंडाशी सुरय्याचं ब्लाउज-फॉलपिकोचं दुकान होतं आणि वॉर्डातल्या प्रत्येक घरातल्या बाईचं माप तिच्या वहीत होतं. सुरय्या नगरपंचायतीची मतदारयादी घेऊन बसली आणि त्या वहीशी नावं ताडून पाहू लागली.

अर्ज भरला त्याच संध्याकाळी गुलाबभाऊ गोकुळाच्या घरी अभिनंदन करायला आले. "लोकशाहीत उभं राह्यलंच पाह्यजे, बाई," ते म्हणाले. चहा प्यायले, केवळरामच्या गुडघ्याची चौकशी केली आणि शपथपत्रात एक रकाना रिकामा राहिला असेल तर अर्ज बाद होतो, तेवढं पाहून घ्या, असंही सांगून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत गोकुळा दातओठ खात उभी राहिली. हा माणूस एकदा तरी शिवी का देत नाही?

छाननीच्या दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर मिळालं. सुरय्या यादीचा फोटो घेऊन गुजरीत आली आणि मासळीच्या टोपल्यासमोर उकिडवी बसली.

"तू दोनदा फॉर्म भरला का गं?"

"काऊन?"

"यादीत दोन गोकुळा मारबते आहेत. एक गोकुळा केवळराम, ती तू. दुसरी गोकुळा सोमाजी. ये कौन है?"

गोकुळानं यादी पाहिली आणि हातातला कोयता खाली ठेवला. सोमाजी मारबते हा केवळरामचा लांबचा काका. तो वारून सहा वर्षं झाली होती. त्याची बायकोही गोकुळाच; वॉर्डाच्या पार टोकाला, जंगलाला चिकटून असलेल्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, एकटीच राहायची, म्हणून सगळे तिला टोलीवाली म्हणत. साठीची बाई, मोहफुलं, तेंदूपत्ता, उरलेल्या दिवसांत शिंदीचे झाडू. तिला आपलं नाव निवडणुकीच्या यादीत असावं असं आपण होऊन वाटलं असेल, हे शक्यच नव्हतं.

"लोक मशीनवर गोकुळा मारबते शोधतील," सुरय्या म्हणाली, "अन् जी पहिली दिसेल तिच्यावर बोट दाबून मोकळे होतील. सौ मतं इकडची तिकडं. भाऊचं काम होऊन गेलं."

अर्ज मागे घ्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत होती. सकाळीच दोघी सुरय्याच्या स्कुटीवर टोलीत गेल्या. रस्ता शाळेपर्यंतच होता. पुढे मुरूम, आणि त्याच्याही पुढे नुसते दगड. टोलीवाली अंगणात उन्हात बसून झाडू बांधत होती. तिनं मान वर केली, पण हात थांबवले नाहीत.

"काकी, तुमी अर्ज भरला म्हनते?" गोकुळानं विचारलं.

"भरला. गुलाब घरी आलता. सही कर म्हने, घरकुलाचं होऊन जाईल."

"काकी, माझी मतं फुटावी म्हनून त्यायनं तुमचं नाव वापरलं. घरकुल-बिरकुल काई नाई."

"मले का समजत नाई?" टोलीवाली शांतपणे म्हणाली. "तीन खेपा फोटो काढून नेला माझ्या घराचा. घरकुल नाई होत, हे मले माहीत आहे. पन तो घरी तं आला. तू किती खेपा आली?"

बचत गटाच्या कामानं गोकुळा एकदा टोलीत आली होती, पण ती अलीकडच्या रांगेपर्यंत.

"तू काऊन उभी राह्यली?" टोलीवालीनं विचारलं.

"नालीसाठी. तलावात घाण येऊन राह्यली. मासोळी मरून राह्यली."

"आमच्याकडं नाली बी नाई. पानीच नाई तं नाली कायची?"

गोकुळाचा धीर सुटत चालला. अकरा वाजले होते. तिनं विनवलं, समजावलं, मारबते घराण्याची शपथ घातली. शेवटी टोलीवालीनं झाडू बाजूला ठेवला, आत जाऊन लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल. एवढी रडून राह्यली तं काढतो नाव." गोकुळा रडत नव्हती, पण तिनं तो मुद्दा काढला नाही.

तिघी एका स्कुटीवर बसून तहसील कार्यालयात पोचल्या तेव्हा दोन वाजायला आले होते. निवडणुकीच्या खोलीत गर्दी. कुणाचा पुतण्या माघार घेत होता, कुणाचा मेहुणा. टोलीवाली दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. या इमारतीत ती याआधीही आली होती, निराधार योजनेच्या कागदांसाठी. तेव्हा ती अशीच उभी असायची आणि शिपाई तिला बाहेरच्या झाडाखाली बसायला सांगायचा.

आतून बाबूनं नाव पुकारलं. "श्रीमती गोकुळा सोमाजी मारबते, उमेदवार." मग तिच्याकडे पाहून शिपायाला म्हणाला, "उमेदवार आहेत त्या. मॅडमला खुर्ची दे."

शिपायानं खुर्ची पुसून दिली. टोलीवाली खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिनं खोलीभर नजर फिरवली. बाबूनं माघारीचा कागद तिच्यासमोर ठेवला, पेन ठेवलं, सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. पेन तसंच राहिलं.

"काकी, इथी," गोकुळा म्हणाली.

"थांब."

"पावणेतीन होऊन राह्यले."

"मले विचार करू दे. कोनी मले आजवर विचार करायले टाइम देल्ला नाई."

सुरय्यानं कपाळाला हात लावला. बाबूनं घड्याळाकडे पाहिलं. बाकीच्या कागदांवर शिक्के पडत राहिले. तीनला पाच कमी असताना टोलीवालीनं कागद नीट घडी करून बाबूच्या हातात परत दिला.

"मी नाई काढत नाव," ती म्हणाली. "नाव माझंच आहे ना?"

परत येताना सुरय्या वाटभर हिंदीत काय काय म्हणत होती. मागे बसलेली टोलीवाली एवढंच म्हणाली की शाळेजवळ उतरवून द्या, तिथून मी चालत जाईन.

चिन्हं मिळाली आणि उरलीसुरली कसर भरून निघाली. गोकुळाला कपबशी, टोलीवालीला किटली. पहिल्याच दिवशी गोकुळा प्रचाराला निघाली तर लोक विचारू लागले, "बाई, तुमची कपबशी का किटली?" गोकुळा सांगायची, कपबशी. "मंग किटली कोनाची?" दुसऱ्या गोकुळाची. "ते तुमची कोन?" काकी. "अच्छा, म्हंजे घरचंच आहे." आणि दार बंद. एका म्हाताऱ्यानं तर आश्वासन दिलं की तो दोन्ही बटनं दाबेल, चहा म्हटला की दोन्ही लागतंच.

केवळरामचा प्रचार वेगळाच चालला होता. तो कुणाच्या दारात पाच मिनिटं गप्प उभा राहायचा, मग म्हणायचा, "आपली गोकुळा उभी आहे," आणि पुढच्या घरी जायचा. चिन्ह सांगायचं त्याच्या लक्षातच राहत नसे. गोकुळानं त्याच्या सदऱ्याच्या खिशावर कपबशीचं चित्र पिनेनं लावलं, तर तो बंडी घालून गेला.

इकडे टोलीवाली हिंडू लागली. हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. तिनं फक्त यादीत राहावं, एवढीच गुलाबभाऊंची अपेक्षा होती. पण ती रोज सकाळी झाडूची मोळी डोक्यावर घेऊन निघे आणि झाडू विकता विकता घरोघरी सांगे, "मी किटली आहो. टोलीत नळ पाह्यजे." दुसरं काहीच बोलत नसे. गुरुवारच्या बाजाराला ती गुजरीत आली आणि चालत चालत थेट गोकुळाच्या टोपल्यापाशी थांबली.

"किटलीले मत दे, पोरी."

"काकी, मीच उभी आहो."

"मंग का झालं? तुले बी एक मत आहेच."

आजूबाजूच्या बाया हसल्या. गोकुळा काही बोलणार, तेवढ्यात गुलाबभाऊ आपल्या माणसांसह हात जोडत आले. टोलीवालीला पाहून त्यांचे जोडलेले हात किंचित खाली आले.

"बाई, उन्हात काऊन फिरून राह्यल्या? तुमाले फिरायचं काम नव्हतं."

"टोलीत नळ कवा येते?" टोलीवालीनं विचारलं.

"हे तर व्हायलेच पाह्यजे. होऊन जाईल."

"कवा?"

"होऊन जाईल ना, बाई. पयले इलेक्शन होऊ द्या."

"इलेक्शन झाल्यावर कवा? होळीले का दिवाळीले?"

गुलाबभाऊ हसले, पण पुढे सरकले नाहीत, कारण टोलीवाली वाटेतून हलली नाही. डोक्यावर मोळी, एक हात मोळीला आणि दुसरा कमरेवर. "कोनत्या दिवाळीले?" तिनं पुन्हा विचारलं. बाजार थांबून ऐकत होता. गुलाबभाऊंनी डोळे मिटले, जसे ते नेहमी मिटायचे. पण यावेळी उघडले तरी बाई समोरच होती. शेवटी त्यांना भाजीच्या ओळीतून वळसा घालून जावं लागलं.

गोकुळाला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तोही स्वतःवर. अकरा अर्ज, चार वर्षं, आणि "होऊन जाईल" ऐकलं की ती दरवेळी पिशवी उचलून घरी यायची.

मतदानाच्या दिवशी थंडी कडाक्याची होती, तरी रांगा लागल्या. टोलीतली माणसं सगळी एकत्र आली, नेहमीसारखी गुलाबभाऊंच्या गाडीतून नव्हे, पायी. मत देऊन बाहेर आल्यावर केवळराम बराच वेळ बोटाच्या शाईकडे पाहत राहिला.

"का झालं?" गोकुळानं विचारलं.

"मले वाटते मी किटली दाबली."

गोकुळानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. काही बोलली असती तर आचारसंहिता मोडली असती.

मोजणी तहसीलच्या सभागृहात झाली. वॉर्ड नऊचा निकाल अर्ध्या तासात लागला. गोकुळा केवळराम मारबते, दोनशे अडुसष्ट. गुलाब कुनघाडकर, दोनशे एक्कावन्न. गोकुळा सोमाजी मारबते, एकशे त्रेसष्ट. सतरा मतांनी गोकुळा निवडून आली होती. सुरय्यानं मतदारयादी पुन्हा पाहिली आणि गालात हसली. टोलीतली दीडशे मतं मागच्या दोन्ही वेळा डोळे झाकून गुलाबभाऊंना पडली होती. यावेळी ती किटलीत गेली. भाऊंनी गोकुळाची मतं फोडायला जी बाई उभी केली, तिनं भाऊंचीच फोडली.

गुलाल उडाला, पण गोकुळाच्या वाट्याला समाधान काही आलं नाही. जो तो येऊन म्हणे, "भाऊनं आपल्याच हातानं पाडून घेतलं." चार वर्षांच्या अर्जांचं नाव कुणी काढेना. केवळरामच्या भावानं तर सरळ विचारलं, "काकी नसती तं तू आली असती का वो?" आणि सगळ्यात शेवटी गुलाबभाऊ आले, हातात हार घेऊन. "बाई, हे तर व्हायलेच पाह्यजे होतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. गोकुळानं हार घालून घेतला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

पहिल्या सभेआधी मुख्याधिकाऱ्यांचं पत्र आलं. प्रत्येक सदस्यानं आपल्या वॉर्डातलं एकच काम पहिल्या यादीसाठी द्यावं. गोकुळानं कागदावर लिहूनही टाकलं होतं: नाली वळवणे. दुसऱ्या दिवशी सकाळी टोलीवाली दारात उभी.

"चल," ती म्हणाली.

"कुठी?"

"पानी भरायले."

गोकुळाला टाळता आलं नाही. टोलीच्या हातपंपावर सात बाया रांगेत होत्या. त्यांनी नव्या मेंबरबाईला पुढे जाऊ दिलं. गोकुळानं दांडा धरला आणि मारू लागली. वीस झाले, तीस झाले, तेव्हा पाण्याची पहिली पिचकारी आली, तीही लालसर. एक गुंड, म्हणजे हंडा, भरायला तिला दीडशेच्या वर दांडे मारावे लागले. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावभर हिंडणारी बाई ती, पण तिच्या खांद्यात गोळे आले. घामाघूम होऊन ती बाजूला झाली तर टोलीवालीनं दुसरा गुंड पुढे सरकवला.

"मी रोज पाच भरतो," ती म्हणाली. टोमणा नव्हता, ती फक्त सांगत होती.

गोकुळा चरफडतच घरी आली. या पंपावर तिचा राग होता, काकीवर होता, त्या एकच काम मागणाऱ्या पत्रावर होता. नालीची ओळ तिनं खोडली आणि खाली लिहिलं, टोलीत नळ. कागद देऊन आली तेव्हाही ती रागातच होती. उदारपणा वगैरे तिच्या मनात नव्हता.

मोहल्ल्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. "आमी निवडून देल्लं, अन् नळ टोलीत?" बायांनी तिला पाळीवर गाठून विचारलं. केवळराम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तसा तो एरवीही फार बोलत नसे, पण हे न बोलणं वेगळं होतं, हे गोकुळाला कळत होतं. तिकडे टोलीची जागा कागदोपत्री झुडपी जंगलात निघाली. पाइप टाकायला वनखात्याचा दाखला हवा होता. गोकुळा आणि टोलीवाली एसटीनं गडचिरोलीला चार खेपा घालून आल्या. चारही वेळा खिडकीची जागा काकीनं घेतली. दाखला मिळाला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर टोलीत तीन तोट्या बसल्या. त्या दिवशी टोलीवाली म्हणाली, "पानी सकाळी येते, सांजच्याले येत नाई. त्याचं का?"

नालीचं काम दुसऱ्या यादीत गेलं आणि दुसरी यादी कधी निघणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मग एका सकाळी गुजरीत बसलेल्या गोकुळाच्या हातात नगरपंचायतीच्या शिपायानं एक लखोटा दिला. ढिवर मोहल्ल्यातल्या काही इसमांनी मुरमाच्या बोऱ्या टाकून नाली तलावाच्या तोंडाशी बुजवली होती. सांडपाणी उलटं फिरून बसस्टँडमागच्या दुकानांत शिरलं होतं. दुकानदार नगरपंचायतीसमोर ओरडत बसले होते. वॉर्डाच्या सदस्या म्हणून त्यांनी संबंधितांना समज द्यावी, असं पत्र होतं. संबंधितांत पहिलं नाव केवळराम मारबते.

टोपलं सुरय्याच्या दुकानात टाकून ती घरी गेली. केवळराम अंगणात जाळं विणत बसला होता. पायांना गुडघ्यापर्यंत मुरमाचा लाल चिखल वाळलेला.

"हे तुमी केलं?" तिनं पत्र पुढे धरलं.

"मी एकटा नाई. चौदा जन होतो."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू अर्ज देल्ला असता."

गोकुळा पायरीवर बसली. समोर दुकानांच्या बाजूला, नालीच्या वाटेवर, खांबाला मोजपट्टी धरून दोन माणसं उभी होती. एक नगरपंचायतीचा इंजिनीअर होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच नाली वळवायचं मोजमाप घ्यायला आला होता.

"मले तुमाले समज द्यायची आहे," ती म्हणाली. "लेखी. दोन प्रतीत."

"दे मंग," केवळराम म्हणाला आणि जाळ्यातली गाठ दातांनी आवळू लागला.